लहान गावाचा मोठा नेम
(ज्युबिलीनिमित्त माथेरान येथे भरलेल्या नागरिकांच्या सभेत केलेले भाषण)



आमच्या लहानशा धर्मग्रामाच्या ज्युबिलीस आपण सर्व धर्मांचे व सर्व धंद्यांचे नागरिक अगत्याने आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानणे आमचे कर्तव्य आहे. ज्युबिलीच्या सभेत मागील वर्षांचा हिशेब वाचून दाखविण्याची चाल असते. परंतु ह्या माथ्यावर आमचा ख्रिस्ती समाज मूठभर; त्याचे सुखदुःख गावाच्या सुखदुःखाहून निराळे कधीच नव्हते. सर्वांचा तलाव एक, वाट एक, पावसाळा एक. म्हणून मागील हिशेब थोडक्यात आटोपून ह्या गावाने पुढे कोणत्या मूल्यांस धरून चालावे आणि कोणते ध्येय डोळ्यांपुढे ठेवावे, ह्याविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

आपले गाव किती लहान आहे, हे आधी पाहू. माथेरानचे पठार सुमारे सात चौरस किलोमीटरांचे. २००१ च्या खानेसुमारीत येथील लोकसंख्या ५,१३९ होती. २०११ मध्ये ती ४,३९३ भरली. देशातील अगदी लहान नगरपरिषदांत आपली गणना होते. मुंबईच्या एखाद्या गल्लीत याहून अधिक माणसे राहत असतील. परंतु लहानपणाची लाज वाटण्याचे कारण नाही. एवढ्याशा गावाने एक मोठा नेम धरला आणि तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला, ही गोष्ट मोठमोठ्या शहरांस साधलेली नाही. तो नेम म्हणजे, मोटारगाडी दस्तुरी नाक्याच्या आत यावयाची नाही. रोग्याची गाडी आणि आगीचा बंब एवढाच काय तो अपवाद.

ह्या नेमाचा इतिहास आपणांस ठाऊक आहे, तरी लहान मुले येथे बसली आहेत म्हणून सांगतो. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट चौक गावाहून हा डोंगर चढले, आणि त्यांनी माथेरानचा शोध लावला असे पुस्तकांतून छापलेले असते. वस्तुतः धनगर व ठाकूर लोक त्यापूर्वीच ह्या रानात वावरत होते. 'माथ्यावरचे रान' हे नावही साहेबाने दिलेले नव्हे. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ह्या ठिकाणास आश्रय दिला व बंगले उठले. त्यानंतर अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या गृहस्थांनी नेरळहून वर येणारी दोन फूट रुंदीची आगगाडी बांधण्याचे मनावर घेतले. १९०४ मध्ये काम सुरू झाले व १९०७ मध्ये गाडी धावली. सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला. सुमारे एकवीस किलोमीटरांची ही वाट डोंगर फोडून सरळ वर न चढता वळणे घेत घेत चढते. डोंगराचा मान राखून माणसाची सोय कशी करावी, याचा हा लोखंडी धडाच आहे. नगरपालिकाही त्याच काळातली, १९०५ सालची.

पुढे ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरांचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेव्हा कोणी आनंदले, कोणी चिडले. घराची एक खोली वाढविण्यासही कागदांचे भेंडोळे फिरवावे लागते, ही तक्रार आजही ऐकू येते आणि ती खोटी नाही. तरीही ह्या नेमाचे फळ सर्वांच्या पदरात पडले आहे. अंजनी आणि जांभळीची दाट सावली, फांदीवरून फांदीवर झेपावणारे शेकरू, रात्री कानांस ऐकू येणारी शांतता, ह्यांच्याचसाठी लोक येथे येतात आणि ह्यांच्याचवर आपल्या प्रत्येकाची चूल पेटते. मोटार आत आली असती तर माथेरान हे नेरळच्या वर वसलेले दुसरे नेरळ झाले असते, आणि तेवढ्यासाठी डोंगर चढून कोण येणार होता?

येथवर सर्वांचे एकमत आहे. आता ज्या ठिकाणी एकमत होत नाही तेथे यावयाचे आहे, आणि आजच्या भाषणाचा खरा विषय तोच आहे.

प्रत्येक नेमाची एक किंमत असते. उपवास करावयाचा तर स्वतःच्या पोटाला चिमटा घ्यावा लागतो. घरातल्या धन्याने उपवासाचा संकल्प सोडावा आणि उपाशी मात्र गड्याने राहावे, तर त्यास उपवास कोण म्हणेल? माथेरानने यंत्राचा त्याग केला, परंतु ओझे काही नाहीसे झाले नाही. धान्याची पोती, सिमेंट, गॅसची टाकी, पाहुण्याची पेटी आणि स्वतः पाहुणा, हे सर्व दस्तुरीहून वर यावयाचेच होते. जे ओझे यंत्राने वाहिले नाही ते घोड्याच्या पाठीवर गेले, हमालाच्या डोक्यावर गेले आणि हातरिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवर गेले. धापा टाकीत, लाल मातीच्या चढावर, पावसात पाय घसरत असता, माणसाने माणसास ओढून नेले. सबंध गावाच्या शांततेची किंमत गावातल्या सर्वांत गरीब माणसाने आपल्या फुप्फुसांनी भरली. असे परवानाधारक रिक्षावाले चौऱ्याण्णव होते. चार हजारांच्या गावात चौऱ्याण्णव घरे ही थोडी नव्हेत.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रथेस अमानुष म्हटले आणि सहा महिन्यांच्या आत ती बंद करण्याचा हुकूम महाराष्ट्र सरकारास दिला. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजाविले. गुजरातेत केवडिया येथे स्थानिक स्त्रिया विजेवर चालणाऱ्या रिक्षा चालवितात, तशी योजना येथे करावी असे सुचविले. न्यायालयाने जे २०२५ मध्ये सांगितले त्याचे मूळ तत्त्व आमच्या धर्मसभेत जुने आहे. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामकऱ्यांच्या स्थितीविषयी जे परिपत्रक काढले त्याचे सार हेच, की मजूर हा मिळकतीचे साधन नव्हे. तो माणूस आहे, आणि त्याच्या श्रमास मान व पोटापुरता मोबदला मिळणे हा न्याय आहे, दया नव्हे. हे सांगण्यास ख्रिस्तीच असावे लागते असे नाही. ह्या सभेतील प्रत्येक धर्माच्या माणसास ते मान्य होईल.

पण हुकुमाने हातगाडी बंद होते. ती ओढणाऱ्याचे घर हुकुमाने चालत नाही. ते गावाने चालवावयाचे असते. म्हणून आमचे पहिले म्हणणे हे, की माथेरानने आपला जुना नेम मुळीच सोडू नये, परंतु त्याची किंमत सर्वांनी वाटून घ्यावी. गावाच्या पुढील पन्नास वर्षांच्या ध्येयाचा गाभा आमच्या मते एवढाच आहे. त्यातून चार गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट, माणसाच्या पाठीची. २०२२ च्या डिसेंबरात विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा शाळेच्या मुलांस, म्हाताऱ्यांस व रोग्यांस किती सुटका वाटली ते आपण पाहिले आहे. त्याच वेळी अश्वपाल बंधूंच्या पोटात भीतीचा गोळा उठला, हेही आपण पाहिले आहे. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेकडो घोडे, त्यांचा चारा, त्यांचे नाल, आणि त्यांवर जगणारी घरे, यांचा विचार रिक्षाच्या विचाराबरोबरच झाला पाहिजे. रिक्षावाल्याची पाठ वाचविताना घोडेवाल्याचे पोट मारले गेले, तर एक अन्याय काढून दुसरा बसविल्यासारखे होईल. आम्हांस वाटते की ह्यास वाट आहे. विजेची रिक्षा दस्तुरी ते गाव ह्या मुख्य रस्त्यापुरतीच असावी. तिचा परवाना ज्याने हातरिक्षा ओढली त्याच्याच हाती राहावा, पैसेवाल्या ठेकेदाराच्या नव्हे. आणि पॅनोरमा, लुइझा, एको अशा निरनिराळ्या पॉइंटांकडे जाणाऱ्या रानवाटा पायांसाठी व घोड्यांसाठी राखून ठेवाव्या. रिक्षांची संख्या गावाच्या गरजेने ठरावी, गर्दीच्या रविवाराच्या हावेने ठरू नये. डोक्यावर ओझे वाहणारे हमाल आणि खालच्या वाड्यांतून येणाऱ्या स्त्रिया यांची नावे तर कोणत्याच यादीत नसतात. ती प्रथम यादीत यावी.

दुसरी गोष्ट, माती व पाणी ह्यांची. ह्या पठाराच्या माथ्यावर जांभा दगड आहे आणि त्याची ही लाल माती. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती ओढ्यांनी वाहून जाते. झाडांची मुळे उघडी पडतात आणि एके रात्री जुने जांभूळ आडवे होते. म्हणून मुख्य रस्त्यावर मातीच्या विटा बसविण्याचे निघाले. कोणी म्हणाले धूप थांबेल, कोणी म्हणाले घोड्यांचे पाय घसरतील व पुढे विटांच्या मागून मोटारी येतील. न्यायालयाने २०२५ च्या निकालात मधली वाट घालून दिली. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत विटा बसवाव्या, रानातील आतल्या वाटांवर बसवू नये. ही मर्यादा कागदावरची न ठेवता मनातली केली पाहिजे. आज एक गल्ली, उद्या दुसरी, असे करीत सबंध रान फरसबंद करण्यास कोणाचा हुकूम लागत नाही, डोळेझाक पुरते.

पाण्याचेही असेच. पिसारनाथाच्या देवळाजवळील शार्लोट तलाव हे आपले जुने पाणी. ते पुरेनासे झाल्यापासून खालून उल्हास नदीचे पाणी यंत्राने वर चढविले जाते. जे पाणी डोंगर चढून येते त्याच्या प्रत्येक घागरीत वीज व पैसा ओतलेला असतो. मुसळधार पावसाच्या गावी उन्हाळ्यात नदीस वर बोलवावे लागते, ह्याचा अर्थ आकाशातून फुकट आलेले पाणी आपल्या हातून निसटते. प्रत्येक हॉटेलाने व बंगल्याने आपल्या छपराचे पाणी साठवावे, तलावात गाळ व घाण जाऊ नये, एवढे जरी नगरपरिषदेने कसोशीने पाळून घेतले तरी मोठे काम होईल. आपले सांडपाणी आणि आपला केरही शेवटी डोंगर उतरून खाली जातो. खाली माणसे राहतात. उतारावरील ठाकूर, कातकरी व धनगर वाड्या नगरपरिषदेच्या हद्दीत नसतील, परंतु त्या आपल्या शेजारात आहेत, आणि शेजाऱ्याच्या अंगणात केर ढकलणाऱ्यास कोणीही सज्जन म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, सचोटीची. २०२५ च्या मार्च महिन्यात दस्तुरीवर येणाऱ्या प्रवाशांची दिशाभूल होते, गाडी चालू असता ती बंद आहे असे सांगून त्यांस घोड्यावर बसविले जाते, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की गावातीलच लोकांनी बंद पुकारला. गावाने आपल्याच माणसांविरुद्ध दारे लावून घ्यावी, ही गोष्ट दुःखाची खरी. परंतु तीत एक आशाही आहे. फसवणुकीचा पैसा गावाचा नव्हे, असे म्हणणारे लोक गावात आहेत, हे त्यावरून दिसले. पाहुणा एकदा फसला की तो पुन्हा येत नाही, आणि दहा जणांस येऊ देत नाही. दराचा फलक सर्वांस वाचता येईल असा मोठा व खरा असावा, आगगाडीची वेळ तेथेच लिहिलेली असावी, आणि जो दर लिहिला तोच घेतला जावा, एवढी साधी गोष्ट आहे. परंतु आणखी एक सांगणे जरूर आहे. पोट भरलेला माणूस सहसा फसवीत नाही. पावसाळ्याचे चार महिने ज्याची कमाई बुडते तो उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत वर्षाचे पोट भरू पाहतो, आणि तेथून लबाडीस सुरुवात होते. म्हणून अश्वपाल व रिक्षावाले यांनी आपापल्या सहकारी संस्थांतून पावसाळ्यासाठी शिल्लक टाकावी व नगरपरिषदेने त्यास हातभार लावावा. सचोटीचा उपदेश करावयाचा तर सचोटीने जगण्याची सोयही करावी लागते.

चौथी गोष्ट, आपल्या मुलांची. दहा वर्षांत साडेसातशे माणसे का कमी झाली, ह्याचा विचार केला पाहिजे. उच्च शिक्षणासाठी मुलास डोंगर उतरावा लागतो. अवघड दुखणे आले तर रोग्यास नेरळ, कर्जत किंवा मुंबई गाठावी लागते. घर वाढविता येत नाही. आणि प्रत्येक जिन्नस ओझ्याच्या मजुरीने महाग होऊन येतो. आगगाडी तर २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीने वाहून गेलेल्या रुळांमुळे दीड वर्षाहून अधिक, २०१६ मध्ये डबे घसरल्यावर दीड वर्षाहून अधिक, आणि २०१९ च्या पावसानंतर २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत खंडित राहिली. प्रवाशास ती गंमत असेल, गावास ती शीर आहे. तेव्हा गावाने सरकारकडे एकमुखाने मागावयाचे ते हे, की गाडी नियमित चालावी, अमन लॉजपासूनच्या फेऱ्या वाढाव्या, मालाची ने-आण आगगाडीने स्वस्त व्हावी, दवाखाना सुसज्ज असावा, आणि जुन्या रहिवाशांच्या राहत्या घरांच्या दुरुस्तीची परवानगी हॉटेलांच्या मजल्यांच्या आधी व सुलभ मिळावी. रान राखावे आणि रान राखणारी माणसे मात्र निघून जावी, असे झाले तर मागे एक सुंदर उपाहारगृह उरेल, गाव उरणार नाही.

ह्या चार गोष्टींत कोठे कोठे विरोध येईल, हे आम्ही जाणतो. रान राखावयाचे की माणूस, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंतु देशाच्या घटनेने हा प्रश्न असा विचारलेलाच नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांस ज्या अठरा कामांची यादी घालून दिली तीत पाणीपुरवठा आहे, पर्यावरणाचे रक्षण आहे, आणि त्याच यादीत समाजातील दुर्बळ वर्गांच्या हिताची जपणूकही आहे. तिन्ही कामे एकाच यादीत, एकाच लहान कचेरीवर सोपविली आहेत. एक पुरे करण्यासाठी दुसरे टाकून देण्याची मुभा कोठेही दिलेली नाही.

आणि लहान नगरपालिकेच्या हातून काय होणार, असे म्हणणारास आम्ही ह्याच मातीतील एका माणसाचे नाव सांगतो. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपणां सर्वांचे भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी येथेच एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. कष्टाने शिकून वकील झाले. मुंबईत धंदा करून पैसा मिळविता आला असता. ते ह्याच नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. आसपासचे शेतकरी सावकाराच्या तावडीत सापडू नयेत म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, की जेणेकरून अडचणीच्या महिन्यांत गरिबास धान्य उसने मिळावे. पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांस हौतात्म्य आले. आज त्यांच्या हौतात्म्यास आपण हार घालतो, ते योग्यच आहे. परंतु आम्हांस त्यांच्या धान्यकोठ्यांचीही तितकीच आठवण व्हावी असे वाटते. माथ्यावरच्या नगरपालिकेचा तो कारभारी आपली नजर हद्दीच्या दगडापाशी थांबवीत नव्हता. ती खालच्या वाड्यांतील रिकाम्या कणगीपर्यंत पोचत होती.

म्हणून नगरपरिषदेच्या सभेत कोणताही ठराव येवो, तो कोणत्याही पक्षाने आणलेला असो, हात वर करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने मनाशी तीन प्रश्न विचारावे, अशी आमची विनंती आहे. ह्या ठरावाचे ओझे शेवटी कोणाच्या पाठीवर पडणार? ह्याने माती व पाणी येथे टिकणार की डोंगर उतरून जाणार? आणि ज्या मुलाने आज शाळेत पाऊल टाकले त्यास हा ठराव गावात राहू देणार की बाहेर काढणार? उत्तरे निरनिराळी येतील, वाद होतील. वाद झाले तरी चिंता नाही. मात्र ज्याच्या पाठीवर ओझे पडावयाचे तो माणूस त्या वादात हजर असावा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत इतरांनी ऐकावे.

गावाची उन्नती किती मजले चढले किंवा किती प्रवासी आले यावरून मोजण्याची रीत जगात आहे. आपण आपल्यापुरते निराळे माप धरू. नाक्यावरून गावात येणारी वाट शांत आहे, सावलीची आहे, आणि त्या वाटेने येणाऱ्या कोणाच्याही छातीस दुसऱ्याच्या सुखासाठी धाप लागत नाही, असे ज्या दिवशी म्हणता येईल त्या दिवशी माथेरानचा जुना नेम पुरा झाला असे आम्ही समजू. ते काम आपल्या हातून घडावे, त्यासाठी नगरपरिषदेस सुबुद्धी, कामकऱ्यास न्याय आणि आम्हां सर्वांस परस्परांविषयी धीर मिळावा, अशी परमेश्वरापाशी आमची प्रार्थना आहे.